रत्नागिरीवरनं पणजी गाठायची तर कशानं जायचं? पहिल्यांदा निघालेल्या कोल्हापूरकरांसाठी

डिसेंबर आला की मला दोन-तीन जण तरी हमखास विचारतात, "भावा, रत्नागिरीला पाहुण्यांकडं लग्नाला चाललोय, तिथनंच पुढं गोवा करून यायचंय, कशानं जाऊ?" आणि मी दरवेळी तेच अर्धा तास सांगत बसतो, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय. मी स्वतः हा रस्ता एसटीनं, ट्रेननं आणि बाईकवरनं केलाय, कधी बरोबर केलाय कधी पार गंडलोय, तर दोन्ही सांगतो.

सगळ्यात आधी एक. नुसतं गोव्याला जायचं असेल आणि रत्नागिरीत काही काम नसेल तर रत्नागिरीला जाऊच नका. कोल्हापुरातनं आजरा, आंबोली, सावंतवाडी करत सरळ गोवा गाठता येतो, उगाच आंबा घाट उतरून समुद्राला वळसा कशाला. हा लेख ज्यांना रत्नागिरीत एक पाय ठेवायचाच आहे त्यांच्यासाठी, म्हणजे गणपतीपुळ्याला जाऊन पुढं जायचंय, लग्न आहे, बहिणीला भेटायचंय, असलं काहीतरी.

आधी दोन्ही टोकं ठरवा

लोकं पहिलं काय करतात, तर मोबाईलवर रत्नागिरी ते गोवा असं टाकतात, सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास अंतर दिसतं, ट्रेनला चार तास दिसतात, की झालं, तिकीट काढून मोकळे. आणि मग फसतात. कारण रेल्वेचं स्टेशन म्हणजे गाव नव्हे, हे कोकण रेल्वेत जेवढं खरं आहे तेवढं दुसरीकडं कुठं नसेल. आपल्याकडं कसं, स्टेशनातनं बाहेर पडलं की स्टेशन रोड, दोन पावलावर स्टँड. तिकडं तसं काही नाही. रत्नागिरी स्टेशन शहराबाहेर कुवारबाव बाजूला आहे, स्टँडपासनं पाच-सहा किलोमीटर. सावंतवाडी रोड स्टेशनावर उतरलं म्हणजे सावंतवाडीत पोचलो असं नाही, तिथनं रिक्षा बघायला लागते. राजापूर रोड तर राजापुरापासनं चांगलंच लांब. ज्या स्टेशनाच्या नावात 'रोड' आहे ना, तिथं गाव लांब आहे असं समजूनच चालायचं.

आणि मुख्य म्हणजे पणजीला रेल्वे स्टेशनच नाही. मोठ्या गाड्या मडगावला जाऊन संपतात आणि मडगाव पणजीपासनं तीस-पस्तीस किलोमीटर पुढं, दक्षिणेला आहे. पणजीला सगळ्यात जवळचं स्टेशन करमळी, जुन्या गोव्याजवळ, तिथनं पणजी दहा-बारा किलोमीटर. म्हापसा, कळंगुट, बागा असलं करायचं असेल तर थिवी. हरमल किंवा मोपा विमानतळाकडं जायचं असेल तर पेडणे. कोलवा वगैरे दक्षिणेकडचं असेल तरच मडगाव.

म्हणून पहिल्यांदा एका कागदावर लिहा: रत्नागिरीत मी नेमका कुठनं निघणार, स्टँडजवळनं, कुवारबावातनं की गणपतीपुळ्यातनं, आणि गोव्यात माझी खोली नेमकी कुठल्या गावात आहे. एवढं लिहिलं की निम्मा निर्णय तिथंच होतो. मधले तास कमी-जास्त लागतात, पण खरा वेळ आणि खरा पैसा दोन टोकांना जातो.

माझंच सांगतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा पणजीत खोली होती आणि तिकीट काढलं मडगावचं, का तर गाडीवर मडगाव लिहिलंय म्हणून. पावसाळ्याचे दिवस, गाडी उशिरा. संध्याकाळी अंधार पडल्यावर एका छोट्या स्टेशनवर थांबली, खिडकीतनं बघितलं तर शेजारी मोठं तळं, फलाटावर पिवळी पाटी, करमळी. समोरच्या काकांनी विचारलं, "तुम्हाला पणजीला ना? मग उतरा की." मी म्हटलं नाही हो, माझं तिकीट मडगावपर्यंतचं आहे. काकांनी माझ्याकडं असं बघितलं की आजही आठवलं की हसू येतंय. मडगावला उतरलो तर रात्र झालेली, पणजीची शटल बस बंद, आणि टॅक्सीवाल्यानं जो आकडा सांगितला त्यात मी कोल्हापूरला दोनदा जाऊन आलो असतो.

कोल्हापुरातनं रत्नागिरीला पोचणं

अंतर साधारण १३० किलोमीटर. वाघबीळ, बांबवडे, मलकापूर, आंबा, मग घाट उतरून साखरपा, पाली, हातखंबा. एसटीला साडेतीन ते चार तास धरा, रस्त्याच्या चौपदरीकरणाच्या कामामुळं कुठं खोळंबा झाला तर जास्तही. सीबीएस स्टँडवरनं पहाटेपासनं गाड्या असतात. घाटात ज्यांच्या पोटात ढवळतं त्यांनी पुढच्या बाजूची सीट धरा आणि मलकापुरात मिसळ चापू नका, नंतर साखरप्यापर्यंत तिचा पश्चात्ताप होतो.

इथं दोन गोष्टी नवीन माणसाला माहीत नसतात. एक, पुढं ट्रेनच धरायची असेल तर स्टँडपर्यंत जायचं कारणच नाही, कोल्हापूरची गाडी कुवारबावातनंच शहरात शिरते, कंडक्टरला आधीच सांगून ठेवा, "साहेब, रेल्वे स्टेशनला उतरायचंय", तो फाट्यावर उतरवतो. स्टँडवर जाऊन परत रिक्षानं उलटं येणारे मी किती बघितलेत. दोन, शहरात काहीच काम नसेल आणि रस्त्यानंच पुढं जायचं असेल तर पालीलाच उतरा. आपला रस्ता तिथं मुंबई-गोवा हायवेला मिळतो, लांज्याकडं जाणाऱ्या गाड्या तिथनंच जातात.

ट्रेन: माझं पहिलं मत हिलाच

कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली, त्याआधी या दोन गावांत सलग रेल्वे नव्हती. आता दिवसभरात बऱ्याच गाड्या आहेत, पण सगळ्या सारख्या नाहीत.

मांडवी एक्स्प्रेस सकाळी मुंबईतनं सुटते आणि दुपारी रत्नागिरीत येते, ही कोल्हापूरकरांसाठी सगळ्यात सोयीची. पहाटेची एसटी धरली की दहाच्या आसपास रत्नागिरी, आरामात जेवून गाडीत बसायचं. गाडी बऱ्याच ठिकाणी थांबते म्हणून हळू आहे, पाच-सहा तास धरा, पण गाडीत खाणं सारखं फिरत असतं आणि त्यासाठी ही गाडी कोकणात प्रसिद्धच आहे, त्यामुळं वेळ जातो. कोकणकन्या रात्री मुंबईतनं सुटून पहाटे रत्नागिरीत येते, ज्यांचा मुक्काम आदल्या रात्री रत्नागिरीतच आहे त्यांना ती चालते, दुपारच्या आत गोव्यात. जनशताब्दी आणि वंदे भारत या झटपट गाड्या. वंदे भारत २०२३ च्या जूनमध्ये चालू झाली, रत्नागिरी ते मडगाव सव्वातीन-साडेतीन तासात नेते. पण दोन अडचणी. ती सकाळी दहाच्या आतच रत्नागिरी सोडते, म्हणजे कोल्हापुरातनं त्याच दिवशी निघून धरायची म्हटलं तर अगदी भल्या पहाटे घर सोडायला लागणार. आणि ती रत्नागिरीनंतर कणकवली, थिवी आणि मडगाव एवढ्याच ठिकाणी थांबते, करमळीला नाही. म्हणजे पणजीवाल्यांनी थिवीला उतरून म्हापशावरनं जायचं. तिकीटही साध्या गाडीच्या कितीतरी पट. बुकिंग करताना जेवण नको असं निवडता येतं, तेवढे पैसे वाचतात, आणि लग्नघरातनं निघालेल्या माणसाच्या पिशवीत तसाही लाडू-चिवडा असतोच.

आता रिझर्व्हेशनचं, कारण इथंच नवखी माणसं अडकतात. आगाऊ बुकिंग ६० दिवस आधी उघडतं. रत्नागिरी हे मधलं स्टेशन असल्यामुळं तिथनं तिकीट काढलं तर बऱ्याचदा पूल्ड कोट्यातली, म्हणजे मधल्या स्टेशनांना मिळून ठेवलेल्या थोड्या जागांची वेटिंग येते, आणि ती मुंबईपासनंच्या जनरल वेटिंगपेक्षा हळू सरकते. लग्नसराईत आणि सुट्टीत तर सरकतच नाही. मग काय करायचं, तर मुंबई ते मडगाव सीट शिल्लक दिसत असेल तर तिकीट मुंबईपासनं काढायचं आणि बुकिंग करतानाच बोर्डिंग स्टेशन रत्नागिरी टाकायचं. पैसे जास्त जातात पण सीट पक्की मिळते. बोर्डिंग टाकायला विसरलात तर मात्र टीसी गाडी सुटल्यावर सीट दुसऱ्याला देऊ शकतो, मग भांडून उपयोग नाही. तत्काळ आदल्या दिवशी उघडतं, एसी सकाळी १० ला आणि स्लीपर, बिगर-एसी ११ ला, आणि आता ऑनलाईन तत्काळला आधार जोडलेलं खातं लागतं, ते दोन दिवस आधीच करून ठेवा, ऐनवेळी ओटीपी येत नाही आणि माणूस घामाघूम होतो.

एकटा-दुकटा असाल तर जनरल डब्याला घाबरू नका. दुपारच्या गाडीतनं रत्नागिरीत बरीच माणसं उतरतात, तेव्हा दरवाजाजवळ थांबलात तर जागा मिळायचा चान्स असतो, तिकीट शंभराच्या आसपास. बायका-पोरं, सुटकेस असलं असेल तर मात्र नको.

एक गैरसमज काढून टाकतो. कोकण रेल्वे म्हणजे खिडकीतनं समुद्र दिसणार, असं सगळ्यांना वाटतं. नाही दिसत. रूळ समुद्रापासनं आत, डोंगरातनं आहेत. दिसतात त्या नद्या, खाड्या, भातशेती आणि बोगदे. पण रत्नागिरी सोडल्यावर थोड्याच वेळात पानवल नदीचा पूल येतो, ६४ मीटर उंच, तेव्हा मोबाईल खाली ठेवून बाहेर बघा. खाली झाडांचे शेंडे दिसतात आणि गाडी हवेत चाललीय असं वाटतं. जनशताब्दी आणि तेजसला काचेचा व्हिस्टाडोम डबा आहे, परवडत असेल तर या पट्ट्यात एकदा बसण्यासारखा. पोरांना तर लईच आवडतो.

उशिराचं कारणही सांगून ठेवतो म्हणजे चिडचिड कमी होईल. हा मार्ग अजून बहुतेक ठिकाणी एकेरी आहे. समोरनं गाडी येत असली की आपली गाडी निवसर, आडवली असल्या छोट्या स्टेशनवर बाजूला घेऊन उभी करतात. बाहेर फक्त पाखरं ओरडतात, आणि डब्यात कुणीतरी म्हणतं, "क्रॉसिंग आहे, क्रॉसिंग." म्हणून पुढं दुसरी गाडी किंवा विमान धरायचं असेल तर दोन तास मोकळे ठेवा. जूनपासनं ऑक्टोबरपर्यंत पावसाळी वेळापत्रक असतं, वेग मुद्दाम कमी ठेवतात, वेळा बदलतात, वंदे भारतचे तर आठवड्यातले दिवसही कमी होतात. गेल्या उन्हाळ्यात मित्र कितीला गेला होता ते विचारून पावसाळ्यात स्टेशनवर जाऊ नका.

एसटी: स्वस्त, पण तोडत तोडत

रत्नागिरी-पणजी थेट गाड्या मोजक्याच असतात, स्टँडवर चौकशी खिडकीलाच विचारा. थेट नाही मिळाली तर कणकवली, मग सावंतवाडी, मग पणजी असं तोडत जायचं. सावंतवाडीपासनं पुढं आपली एसटी पण आहे आणि गोव्याची कदंबा पण, त्यामुळं तिथं अडकायची भीती कमी. सगळं मिळून सहा-सात तास, कनेक्शन चुकलं तर आठ. एसटीचा एकच फायदा, पण मोठा: ती पणजीच्या स्टँडवर नेऊन सोडते, म्हणजे ते टोकाचं लफडंच नाही.

सवलतीचं नीट समजून घ्या. महिलांना २०२३ च्या मार्चपासनं अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं, ७५ च्या पुढं फुकट. पण हे सगळं महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं. आईला आणि मावशीला घेऊन चाललो होतो तेव्हा कंडक्टरनं दोघींना बांद्यापर्यंत अर्धं आणि पुढचं पूर्ण असं तिकीट फाडलं. मावशीनं तिकीट चष्म्याजवळ धरून आकडे बघितले, बोटानं हिशोब केला आणि म्हणाली, "म्हंजे काय रं बाबा, बांद्याच्या पलीकडं मी बाई न्हाई व्हय?" अख्खी गाडी हसली. कंडक्टर पण हसला, पण पैसे घेतलेच. तेव्हा घरातल्या बायका "अर्ध्या तिकिटात गोवा" म्हणत असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा, आणि ज्येष्ठांचं आधार कार्ड किंवा एसटीचं स्मार्ट कार्ड सोबत ठेवा.

प्रायव्हेट ट्रॅव्हल्स? माझं मत विचाराल तर या टप्प्यासाठी नको. मुंबईवरनं येणाऱ्या स्लीपर गाड्या रत्नागिरी शहरात येतच नाहीत, ॲपवर 'रत्नागिरी' असं दिसतं पण पिकअप असतो हातखंब्याच्या तिठ्यावर, आणि तोही रात्री-अपरात्री. बऱ्याच गाड्या तर त्या बाजूनं जात पण नाहीत, पुण्यावरनं आपल्या कोल्हापुरातनंच गोव्याला जातात. मी एकदा हातखंब्याला रात्री उभा राहिलो, ड्रायव्हर फोनवर दर वेळी "दहा मिनटात आलो" म्हणायचा, अशी दहा-दहा मिनटं करत दोन तास गेले. सोबतीला एक चहाची टपरी आणि तीन कुत्री.

स्वतःची गाडी: हायवे की सागरी

चौघंजण असाल, पोरं असतील, तर स्वतःची गाडी सोपी पडते, खर्चही वाटून निघतो. दोन रस्ते आहेत आणि दोन्ही एकदम वेगळे.

पहिला, हायवे, म्हणजे ६६ नंबर, जुनी माणसं अजून सतराच म्हणतात. हातखंबा, पाली, लांजा, राजापूर, कणकवली, कुडाळ, झाराप, बांदा, पत्रादेवी. सिंधुदुर्गातला पट्टा सुरेख आहे, सिमेंटचा चौपदरी. रत्नागिरीकडच्या बाजूला, खास करून हातखंब्यापासनं लांज्यापर्यंत, पुलांची कामं आणि डायव्हर्जन वेळ खात होती, तिथं रात्री गाडी हाणू नका. चांगल्या रस्त्यावर गाडी पळते म्हणून पाच तासात पणजी होते. झारापपासनं सरळ गेलात तर सावंतवाडी बाजूला राहते, तिथं कुणाला भेटायचं असेल तर पाटी बघून वळा. फास्टॅगमध्ये पैसे ठेवा. आणि पेट्रोल गोव्यात आपल्यापेक्षा स्वस्त असतं, म्हणून बांद्यापर्यंत पुरेल एवढंच भरा आणि पत्रादेवी ओलांडली की टाकी फुल्ल करा. येताना पत्रादेवी ओलांडायच्या आधीच फुल्ल करा.

दुसरा, सागरी महामार्ग. हा रस्ता म्हणजे माझा वीक पॉईंट, इथं मी थोडा वाहवत जाणार, माफ करा. रत्नागिरीतनं भाट्याचा पूल ओलांडायचा, पावस, पूर्णगड, आडिवरे, जैतापूर, मग सिंधुदुर्गात शिरून विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण, परुळे, वेंगुर्ला, शिरोडा. ट्रेनमध्ये न दिसणारा समुद्र इथं दिसतो, आणि कसा दिसतो, तर लाल जांभ्या दगडाच्या सड्यावरनं गाडी चाललेली असते, दोन्ही बाजूला वाळलेलं पिवळं गवत, काहीच नाही, आणि अचानक रस्ता खाली उतरतो, वळण संपतं आणि समोर सगळं निळं. परत चढ, परत सडा, परत उतार, परत एक खाडी. असं दिवसभर. कंटाळा येत नाही, पण कंबर मात्र धरते.

या रस्त्याला मॅपवर जी वेळ दाखवतात ती विसरा. खाड्यांना वळसे आहेत, गावातनं रस्ता अरुंद, म्हशी, शाळेची पोरं, समोरनं एसटी आली की आपल्याला मागं घ्यायला लागतं. हायवेच्या दुप्पट वेळ धरा. एका दिवसात करता येतो पण मग नुसतं हँडल धरून बसायचं, बघायचं काहीच नाही. मी सांगेन देवगडला किंवा मालवणला एक मुक्काम करा. पेट्रोल पंप प्रत्येक गावात नाहीत, रत्नागिरीत फुल्ल करून निघा आणि देवगड, मालवण, वेंगुर्ला असं मोठं गाव आलं की टाकी निम्मी असली तरी भरा. रात्री चालवू नका, सड्यावर उजेड नाही, माणूस नाही, आणि रेंज पण कधी असते कधी नसते.

शिरोड्याच्या पुढं गोव्यात शिरायला दोन वाटा आहेत. एक आरोंदा-किरणपाणी पूल, सरळ, कटकट नाही. दुसरी तेरेखोल, तिथं किल्ल्याच्या खालनं फेरीबोट पलीकडं केरीला सोडते, बाईक आणि कार दोन्ही चढतात. ओहोटी जास्त असली तर फेरी थांबते, तेव्हा खाली जाऊन उभं राहायच्या आधी वर विचारून घ्या. वेळ असेल तर मी फेरीच सांगीन, दहा मिनटांचाच प्रवास आहे पण बोटीवर बाईकचं स्टँड लावून उभं राहिलं की गोव्यात आल्यासारखं वाटतं, पुलावरनं ते वाटत नाही.

एमएच ०९ ची पाटी बघून गोव्यात गाडी अडवतातच असं नाही, पण अडवली तर लायसन्स, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी सगळं पाहिजे. डिजिलॉकरमधलं चालतं. हेल्मेट डोक्यात पाहिजे, आरशाला अडकवलेलं नव्हे.

बोट आणि विमान

बोट नाही. आजोबांच्या पिढीला विचारा, तेव्हा मुंबईची आगबोट किनाऱ्यावरची बंदरं घेत घेत पणजीपर्यंत जायची, ते दिवस गेले. विमानाचं म्हणाल तर रत्नागिरीतनं गोव्याला विमानानं जायचा विषयच नाही. चिपी, मोपा, दाबोळी हे विमानतळ लांबनं येणाऱ्यांसाठी.

गोव्यात उतरल्यावर

करमळीला उतरलात तर स्टेशनबाहेर गर्दी नसते, टॅक्सी-रिक्षा मोजक्या, रात्री उशिरा उतरणार असाल तर आधी कुणाला तरी सांगून ठेवा. दिवसा थोडं चालून जुन्या गोव्याच्या रस्त्याला लागलं की पणजीच्या बस मिळतात. थिवीवरनं म्हापसा बारा किलोमीटरच्या आसपास, तिथनं पणजीला सारख्या गाड्या. मडगावला स्टेशन आणि कदंबाचा स्टँड एकमेकांना लागून नाहीत, मध्ये तीनेक किलोमीटर, स्टँडवर गेल्यावर पणजीची नॉनस्टॉप शटल मिळते, तिकीट खिडकीवर काढून रांगेत उभं राहायचं. दिवसा एकदम झकास सोय आहे, पण रात्री आठनंतर तिच्या भरवशावर राहू नका, माझं वर सांगितलंच.

ओला-उबर गोव्यात शोधत बसू नका. गोवा माइल्स नावाचं ॲप आहे ते घरीच टाकून घ्या, नाहीतर स्टँडवरची टॅक्सी, तिला भाडं बसायच्या आधी ठरवायचं. एकटे असाल तर 'पायलट', म्हणजे पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवाले, मागं बसायचं आणि जायचं, सगळ्यात स्वस्त. भाड्यानं बाईक घेतलीत तर नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी आहेत ना ते बघा. पांढरी पाटी असलेली बाईक कुणी शंभर रुपये कमी करून देत असेल तरी घेऊ नका, पोलिसांनी धरलं की देणारा गायब असतो.

मग नेमकं काय करू, असं विचारणाऱ्यांसाठी

एकटा किंवा दोघं, पणजीत खोली, घाई नाही: मांडवी, करमळीचं तिकीट. म्हातारी माणसं सोबत, सामान जास्त: एसटीची थेट गाडी मिळत असेल तर ती, नाहीतर ट्रेनचं एसी रिझर्व्हेशन, घाट आणि बदलाबदल त्यांना झेपत नाही. चौघं मित्र, बाईक किंवा कार, तीन दिवस हातात: सागरी, दुसरं काही ऐकून घेणार नाही. गणपतीत किंवा शिमग्यात जायचं असेल तर ट्रेनचा नाद सोडा, मुंबईकर चाकरमान्यांची गर्दी असते, त्या दिवसांत रस्त्यानंच जा.

आणि ज्यांना रत्नागिरी नकोच पण ट्रेनची हौस आहे, त्यांच्यासाठी एक आडवाट. कोल्हापूर-वैभववाडी रेल्वे होणार म्हणून आपण किती वर्षं ऐकतोय, ती होईल तेव्हा होईल, तोवर गगनबावड्यावरनं करूळ घाट उतरून वैभववाडी रोडला किंवा दाजीपूरवरनं फोंडा घाट उतरून कणकवलीला जायचं आणि तिथनं गोव्याची गाडी धरायची. कणकवलीला जास्त गाड्या थांबतात. पावसाळ्यात मात्र निघायच्या आधी घाट चालू आहे का ते बघा, करूळला दरड आली की भुईबावड्यानं वळवतात.

परत येताना

परतीला रत्नागिरी परत करू नका. पणजीच्या स्टँडवरनं कोल्हापूरला एसटी आणि कदंबा दोन्ही आहेत, काही सावंतवाडी-आंबोलीवरनं येतात, काही बेळगाववरनं, तिकीट काढायच्या आधी मार्ग विचारा, कारण वेळ आणि तिकीट दोन्हीत फरक पडतो.

बॅगेचं एक सांगून ठेवतो. गोव्यातली बाटली परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे. बांद्याला आणि आंबोलीला तपासणी होते, एसटी पण थांबवतात, बॅगा उघडायला लावतात. माझ्या पुढच्या सीटवरच्या एका पोरानं काजूच्या पिशवीत खाली दोन बाटल्या ठेवल्या होत्या. त्याला खाली उतरवलं, गाडी थोडा वेळ थांबली आणि मग त्याला तिथंच ठेवून निघाली. काजूची पिशवी तेवढी सीटवर राहिली होती, ती कंडक्टरनं आजऱ्याला कंट्रोलरच्या ताब्यात दिली.